अकरा वर्षांनी परतलेला आवाज

आर्क्टिकमधल्या संशोधन केंद्रात शर्वरी दाभोळकर हेडफोन लावून बसली. ध्रुवाजवळच्या आकाशात गेलेला रेडिओसंदेश वातावरणाचा वरचा थर, म्हणजे आयनांबर, अकरा वर्षांनी जसाच्या तसा परत देतं, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक होतं. तिचा नवरा सुहृद इथेच संशोधक होता. अकरा वर्षांपूर्वी आजच्याच दिवशी बर्फात त्याची गाडी उलटली होती.

“जागच्या जागी गेला, वहिनी. त्रास झाला नाही,” असं केंद्रप्रमुख चित्राव दरवर्षी फोनवर सांगायचे. आत्ताही ते शेजारी उभे होते. “कशाला ऐकताय? नुसती खरखर असेल.”

खरखरीतून सुहृदचा आवाज आला. “गाडीखाली पाय अडकलाय. कुणीतरी या.”

शर्वरीने चित्रावांकडे पाहिलं. तिचा चेहरा बघून त्यांनी मान खाली घातली.

आयनांबराची मोजणी चालू असताना वायरलेसवर कुणी बोलायचं नाही, हा केंद्राचा कडक नियम होता. सुहृदने तिसऱ्यांदा हाक मारली, तेव्हा दुसरा, वैतागलेला आवाज आला. तो चित्रावांचाच होता. “सुहृद, चॅनल मोकळा ठेव. रीडिंग बिघडतंय.”

“बरं सर. मोजणी झाली की सांगा,” सुहृद म्हणाला, आणि नंतर फक्त खरखर उरली.

शर्वरीने हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

“मग, रीडिंग चांगलं आलं का?” तिने विचारलं.