तेलातला बेडूक

“हे कोणाला पटायचं नाही,” म्हातारा स्टीअरिंगवरून मागे ओरडला, “पण आपल्या पंख्याच्या तेलात बेडूक निघाला.”

चाकांवरचं घर होतं ते. पुढे ड्रायव्हरची खुर्ची, मधे शेगडी आणि मोरी, अगदी मागे पलंग. पलंगाखाली इंजिन. इंजिन गार ठेवणारा दांडगा पंखाही तिथेच, आणि तो जोरात लागला की पलंगावरच्या माणसाला पुढे बोललेलं एक अक्षरही ऐकू येत नसे. नवरा-बायकोची निम्मी भांडणं त्या पंख्यानेच मिटवली होती.

आता पलंगावर म्हातारी होती. दवाखान्याने ‘घरी न्या’ म्हणून सांगितलं होतं, आणि घर म्हणजे हेच. घाटापलीकडे लेक बाळंत झाली होती. नातीला एकदा मांडीवर घ्यायचं, एवढंच म्हातारीने मागितलं होतं.

मघाशी घाटाच्या पायथ्याशी इंजिनाच्या तापमानाचा काटा लालावर गेला, तेव्हा म्हाताऱ्याने गाडी बाजूला घेऊन मागचं झाकण उघडलं. पाणी भरलेलं होतं. पाती हाताने मोकळी फिरत होती. हा पंखा पट्ट्यावर चालत नाही; पंप तेल ढकलतो, त्या दाबाने फिरतो. किती तेल सोडायचं ते एक व्हॉल्व्ह ठरवतो. त्याची वायर काढून टाकली, की पंख्याने मुकाट पूर्ण जोरात फिरावं अशी सोय असते. म्हाताऱ्याने वायर काढली, इंजिन चालू केलं. पाती जेवून सुस्तावल्यासारखी रेंगाळत राहिली.

मग त्याने फिल्टर सोडवला. तळहातावर घेतलेलं तेल उन्हात चमचमलं. चांदीसारखा बारीक धातूचा चुरा. पंपाने स्वतःलाच खाल्लं होतं, आणि त्यावर रस्त्यात इलाज नव्हता. डॉक्टरने तिच्या एक्स-रेची फिल्म उजेडाला धरून जशी मान हलवली होती, तशीच म्हाताऱ्याने हलवली.

मदत यायची तर उद्या उजाडलं असतं. म्हातारीकडे उद्या आहे का, हे दवाखान्यातही कोणी सांगितलं नव्हतं. त्याने फिल्टर परत बसवला, हात पुसले आणि आत येऊन हीटर पूर्ण सोडला. इंजिनाची उष्णता तेवढीच आत ओढली जाते. तुला हुडहुडी भरते ना, असं म्हणत त्याने तिच्या अंगावर पांघरूणही घातलं, आणि भर उन्हात घाट चढायला घेतला.

“तर हा बेडूक,” तो ओरडला, “तेल पिऊन पिऊन भोपळ्याएवढा झालेला. नळीच्या तोंडाला बूच बसल्यासारखा. ओढला, तर हातातून असा सटकला, की समोरचा डोंगर घसरत घसरत वर चढून गेला. आपल्याआधी लेकीच्या दारात हजर असेल बघ. आणि पंखा? आता असा फिरतोय, की विमानाला लावला तर विमान लाजेल.”

म्हातारीने बेडकाचा रंग विचारला. चंदेरी, तो म्हणाला, आणि त्याचं त्यालाच ते आवडलं नाही. म्हणून त्याने बेडकाला मिशा लावल्या, मग त्याला जांभई द्यायला लावली. मागून हसल्यासारखा आवाज आला, नंतर खोकला. खोकला बराच वेळ चालला.

दोन वळणं गेली. काटा लालाच्या कडेला टेकला. म्हाताऱ्याने आरशात पाहिलं. पांघरूण खाली पडलं होतं. केस कपाळाला चिकटले होते, आणि ती तळहात पलंगाच्या फळीवर सपाट ठेवून पडली होती, ताप बघावा तसा.

“मग त्या बेडकाची बायको,” त्याने घाईघाईने सुरू केलं.

“अहो.” तिच्या आवाजात जोर नव्हता, तरी तो पुढे नीट पोचला. “पंखा फिरत असता, तर तुमचा बेडूक मला इथवर ऐकूच आला नसता.”

त्याचा पाय नकळत ब्रेककडे गेला.

“थांबू नका,” ती म्हणाली.