बाल्देसेर्नाकडचा बाण

बादलीभर पाणी सायकलवाल्यांच्या अंगावर फेकून झालं, तशा प्राक्सेदेस मावशी घरात आल्या आणि त्यांनी सरपंचबाईंना फोन लावला.

"एकेचाळीस!" त्या ओरडल्या. "आज एकेचाळीस आले, हेनार. माझ्या भिंतीला सायकली टेकवल्या, चौकातल्या नळावर बाटल्या भरल्या, आणि तो लाल शर्टवाला ढेरपोट्या माझ्या कुंडीत केळ्याची साल टाकून गेला."

"मावशी, पाणी फेकू नका हो. कुणी पडलं तर?"

"पडू दे! दारात मेला तर मीच पुरेन त्याला."

हेनारच्या ताब्यात पाच गावं होती. त्यातलं बाल्देसेर्ना सगळ्यात लहान. अकरा घरं, आणि ऑगस्टची सुट्टी सोडली तर त्यातली दहा कुलूपबंद. सायकलवाल्यांचा रस्ता त्या गावातून जायचा, आणि दर शनिवारी दुपारी मावशींचा फोन ठरलेला. तीन वर्षं हे असंच चाललं होतं.

मेमध्ये एक जण खरंच त्या पाण्यावरून घसरला आणि त्याचा हात मोडला. सोमवारी सायकल क्लबचा प्रमुख सातुरियो कचेरीत येऊन टेबलावर हात आपटू लागला. सातुरियो नळदुरुस्तीचं काम करायचा. हेनार आणि तो एकाच शाळेत शिकलेले.

"त्या म्हातारीला आवर, नाहीतर मी पोलिसांत जातो."

"आधी तुझी माणसं आवर. लोकांच्या कुंड्या म्हणजे काय कचरापेट्या आहेत?"

"एका बाईसाठी अख्खा रस्ता बंद करणार आहेस का?"

"हो, करते!" हेनार म्हणाली. रागात म्हणाली, पण मग तिने ते केलंच. गावाच्या वर तीन किलोमीटरवर एक तिठा आहे. तिथे खांबावर पत्र्याचा बाण होता, बाहेरगावचे सायकलवाले तो बघूनच वळायचे. हेनारने स्वतः उभं राहून तो बाण डोंगरापलीकडच्या पाइनच्या रानाकडे फिरवून घेतला. नवा रस्ता लांबचा, चढाचा, वाटेत पाण्याचा थेंब नाही. क्लबवाल्यांनी तिला शिव्या घातल्या. तिने त्या ऐकून घेतल्या आणि मावशींना फोन केला.

"जिंकलात, मावशी. या शनिवारपासून तुमच्या दारात एकही सायकल येणार नाही."

"एकही?" मावशींनी विचारलं.

"एकही नाही."

"बरं," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

हेनार चडफडली. तीन वर्षं डोकं खाल्लं, आणि आता साधे आभारसुद्धा नाहीत!

दोन शनिवार शांततेत गेले. तिसऱ्या शनिवारी फोन वाजला.

"तेवीस! हाच का गं तुझा शब्द? सरपंच म्हणे! तुझ्यापेक्षा तुझा बाप बरा होता, निदान खोटं तरी बोलत नव्हता."

हेनार गाडी काढून तिठ्यावर गेली. बाण बाल्देसेर्नाकडे वळलेला होता. तिने तो पुन्हा फिरवून घट्ट करवून घेतला. पुढच्या शनिवारी परत फोन.

"एकोणचाळीस! आणि तो हिरव्या टोपीचा लंबूटांग आज नव्हता. मेला की तुरुंगात गेला? तुला काही कळलंय का?"

"मला कसं कळणार, मावशी?"

"तुला कशातलं काय कळतं म्हणा!" आणि फोन आपटला.

आता मात्र हेनारचं डोकं सणकलं. ती तडक सातुरियोच्या दुकानात गेली. भिंतीवर नट पिळायचे लहानमोठे पाने ओळीने टांगलेले होते.

"हे बघ, इथे सगळी हत्यारं तयारच आहेत! लाज नाही वाटत? एका म्हाताऱ्या बाईला छळतोस?"

सातुरियो लालबुंद झाला. "मी? अगं, मला तर ते रानच आता आवडायला लागलंय! तिथे निदान डोक्यावर कुणी बादली ओतत नाही."

"मग बाण काय वाऱ्याने फिरतो?"

"मला काय विचारतेस? तूच बघ ना तिथे बसून."

"बसते. आणि तूही बसायचंस. तुमच्यातला कुणी सापडला तर क्लबला टाळं."

"आणि नाही सापडला तर चर्चसमोर माझी माफी मागायची. रविवारी, सगळ्यांदेखत."

शनिवारी उजाडायच्या आत दोघं तिठ्याजवळच्या पडक्या गोठ्यामागे हेनारच्या गाडीत येऊन बसले. थंडी होती. सातुरियोने थर्मासमधली कॉफी पुढे केली. तिने मान फिरवली.

"पी गं. माफी मागायला घसा चांगला लागेल."

"तोंड बंद ठेव."

साडेसहाला पूर्वेकडे फटफटलं. रस्त्यावर खडी वाजली. कुणीतरी चालत येत होतं. सातुरियो सावरून बसला. आपल्यातला कोण असेल, हे तोही मनातल्या मनात चाचपून पाहत असावा. हेनारने दाराच्या खटक्यावर हात ठेवला. आज ती कुणालाच सोडणार नव्हती.

आकृती गावाच्या बाजूने वर येत होती. दहा पावलं चालायची, थांबायची, धापा टाकायची, पुन्हा चालायची. खांबापाशी येऊन तिने कमरेच्या खिशातून पाना काढला आणि दोन्ही हातांनी जोर लावला. पत्रा करकरला. बाण वळला.

हेनारचा हात खटक्यावरच राहिला.

प्राक्सेदेस मावशी वीस पावलं मागे गेल्या, सायकलवाले येतात त्या बाजूने बाण नीट दिसतो का ते पाहिलं, आणि परत येऊन तो आणखी बोटभर आपल्या गावाकडे सरकवला.