तिन्हीसांजेचं मीठ

नेरच्या वच्छलाबाईंच्या नातवाला सकाळपासून जुलाब लागले होते, आणि हे कोणाचं काम ते त्यांनी कधीच ताडलं होतं. कालच शेजारची लालीबाई "कसा गुटगुटीत दिसून राह्यला!" म्हणत पोराचा गालगुच्चा घेऊन गेली होती. तिन्हीसांजेला वच्छलाबाईंनी बरणीतलं होतं नव्हतं तेवढं मीठ पोरावरून ओवाळलं आणि चुलीत टाकलं.

तेवढ्यात सून निशिगंधा साखरेचं पाणी ढवळत आली. "आई, सगळं मीठ जाळलं? डॉक्टरनं साखरमिठाचं पाणी पाजाले सांगतलं होतं न!"

तिन्हीसांजेला मीठ दिलं की घरची लक्ष्मी जाते, म्हणून गल्लीत कोणी देईना, दुकानदारही देईना. लालीबाईनं मात्र वाटी भरून आणून दिलं. सकाळपासून रडायचंही त्राण नसलेलं पोरगं घोट घोट पाणी प्यालं आणि हळूहळू स्वतःच पेला ओढू लागलं.

लालीबाईची पाठ वळताच वच्छलाबाई सुनेच्या कानाशी लागल्या.



"पाह्यलं? आपली लक्ष्मी कोणी अशी फुकट देते का? हिच्या मनात नक्कीच काहीतरी आहे!"