अम्मांच्या घरचं माट्टु

"कोण गेलं?" देवूनं विचारलं.

"अजून कोणी नाही." कौसुनं चादरींचं गाठोडं खाली ठेवलं. "संध्याकाळी माट्टु घेऊन ये, एवढाच निरोप आहे."

कपडे धुण्याच्या यंत्राच्या झाकणावरचा देवूचा हात तसाच राहिला. घरात मयत झाली की सुतक फिटायला वण्णात्तीच्या, म्हणजे गावच्या परटिणीच्या, हातचं धुतलेलं कापड लागतं, ते हे माट्टु. ते हातानं धुवायचं, यंत्रात घालायचं नाही. देवूच्या आईनं उभा जन्म गावाला माट्टु पुरवलं, पण माणूस श्वास घेत असताना ते कुणी मागवल्याचं देवूनं कधी ऐकलं नव्हतं.

"निरोप कुणाचा?"

"घरचा. मी विचारत बसत नाही." कौसु कल्याणी अम्मांकडे, नंब्यारांच्या घरी स्वयंपाकाला होती, आणि काही न विचारण्यातच तिची हयात गेली होती.

"कल्याणी अम्मा कशा आहेत?"

"तशाच. हात हलत नाही, तोंडातून शब्द नाही. काढा गंगाधरन स्वतः पाजतो, मला भांड्याला हातसुद्धा लावू देत नाही. असा भाचा मिळायला पुण्य लागतं." एवढं बोलून कौसु आली तशी निघून गेली.

इस्त्रीच्या टेबलापाशी उभी असलेली नबीसा हे ऐकत होती.

हे धुलाईकेंद्र गावातल्या बायकांनी मिळून काढलेलं. विड्या वळणाऱ्या बायकांचे, खाणीत चिरे कापणाऱ्या गड्यांचे कपडे इथे परवडेल अशा दरात धुतले जात, आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या चादरी फुकट. जागा आणि गोड्या पाण्याची विहीर कल्याणी अम्मांची, नुसत्या शब्दावर दिलेली. अम्मांच्या मागे सगळं गंगाधरनचं होणार होतं, आणि त्यानं जागा विकायची खाणवाल्याशी बोलणीही करून ठेवली होती. म्हणजे अम्मा गेल्या की केंद्र गेलं, आणि केंद्रातल्या बायका पुन्हा नदीच्या दगडावर.

पण देवूचा जीव खात होतं ते वेगळंच. मागचा महिनाभर अम्मांच्या चादरीवर काढ्याचा तपकिरी डाग यायचा. पाजताना सांडला तर तो उशाजवळ हवा. हा मात्र पार भिंतीकडच्या कडेला. ओघळत असेल म्हणून तिनं सोडून दिलं होतं. मग एकदा त्या चादरी भिजवलेलं पाणी मागच्या चरात सोडलं, ते नबीसाच्या दोन कोंबड्या प्यायल्या आणि दुपारपर्यंत आडव्या झाल्या.

तेव्हापासून दोघी गप्प होत्या. सांगायचं कुणाला? गावचा फौजदार गंगाधरनचा लहानपणापासूनचा दोस्त.

देवूनं गाठोडं सोडलं आणि चादर उजेडात धरली. डाग नव्हता. गेले काही दिवस तो येतच नव्हता.

"आता सगळा पोटात जातोय," नबीसा हलकेच म्हणाली. "थुंकायचीही ताकद उरली नसेल म्हातारीत."

देवूनं चादर खाली ठेवली. आपण तोंड शिवून बसलो आणि तिकडे त्यानं माट्टुसुद्धा मागवून ठेवलं. तिला स्वतःची लाज वाटली.

"माट्टु धू," नबीसा म्हणाली. "तेच घेऊन आत शिर. वण्णात्तीला कोण अडवतंय? मी भावाची रिक्षा मागच्या वाटेला आणते. अम्मांना उचलायचं आणि थेट दवाखाना गाठायचा."

"आणि त्यानं मला धरलं तर?"

"तर तुझं माट्टु मी धुईन. मापिळ्ळा मुसलमान बाईच्या हातचं चालवून घे."

देवूला हसू आलं नाही. तिनं विहिरीवर बसून कापड धुतलं, पेजेची खळ दिली, वाळवलं आणि घडी घातली. उन्हं उतरताना ती नंब्यारांच्या फाटकातून आत शिरली.

गंगाधरन ओसरीवर आरामखुर्चीत कॉफी पीत बसला होता. त्याची नजर तिच्या हातातल्या घडीवर गेली.

"माट्टु? कुणी सांगितलं तुला?"

"निरोप आला होता." देवूला आपलाच आवाज परका वाटला.

तो क्षणभर गोंधळला, मग गालातल्या गालात हसला. "कौसु फारच पुढचं बघते. ठेव आत. आज ना उद्या लागणारच आहे." त्यानं कपाळावरचा घाम पुसला, आणखी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "कॉफी मात्र हल्ली कडूजहर करते ही बाई."

देवू मान खाली घालून आत गेली. अम्मांच्या खोलीचं दार तिनं मागून लोटून घेतलं. परसात रिक्षाचं इंजिन घरघरत होतं. अम्मांना कसं उचलायचं, हात कुठे घालायचा, याचा विचार करत ती खाटेकडे वळली.

अम्मा भिंतीला टेकून ताठ बसल्या होत्या. त्यांनी उजवा हात उचलला आणि बोट ओठांवर ठेवलं.

"आणलंस? बरं केलंस," त्या म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण शब्द खणखणीत. "मीच सांगितलं होतं कौसुला."

देवू खाटेपाशी वाकली. खाटेखाली अम्मांचं थुंकायचं पितळी तस्त होतं. ते रिकामं होतं, पण आत काठापर्यंत तपकिरी डाग चढलेला होता. तिनं काढा वासावरून ओळखला.

अम्मांनी तिच्या हातातली घडी घेतली, मांडीवर ठेवली आणि कापडावरून सावकाश हात फिरवला.

"त्यानं कॉफी संपवली का गं?"