ताईचे जंत

हेमलताताईने मांजर छातीशी धरलं, तरी तिला साधी शिंकही आली नाही. चारुशीला दारात इनहेलर ओढत बघत राहिली. दोघी बहिणींना सारखाच दमा होता, तो बरा व्हावा म्हणून दोघींनीही उंदरांत वाढवलेले औषधी जंत गिळले होते. ताईच्या पोटात ते रुळले. चारुशीलाच्या शरीराने तीनदा बाहेर फेकले.

"काही उंदरांचंही असंच होतं," डॉक्टर म्हणाले होते.

चारुशीलाचा जळफळाट झाला. तिने जंत मारायची गोळी कुटून ताईच्या सरबतात ढवळली.

ताईने पेला रिकामा केला. "चारू, डॉक्टर तयार झालेत. माणसात रुळलेले माझे जंत तुला मानवतील म्हणाले. उद्याच देणार आहेत."

चारुशीलाने तिचा दंड धरला. "ताई, ओकून टाक! आत्ताच्या आत्ता ओकून टाक!"