आमच्या मळ्याखालचा ज्वालामुखी

इटलीतल्या एटना ज्वालामुखीच्या पायथ्याशी आमचे पप्पा ‘ज्वालामुखीची वाइन’ विकायचे. मग वेनेराताईनं उपग्रहानं टिपलेल्या उष्णतेच्या चित्रांवरून तिथल्या खडकांचा नवा नकाशा काढला.

“पप्पा, सगळ्यांच्या मळ्याखाली लाव्हा आहे. आपल्याच खाली नुसती चिकणमाती.”

“छापलंस?”

“छापलं.”

पप्पांनी ताटातला पास्ता तसाच टाकला. आमच्या घरात हे आजोबा गेले तेव्हाही घडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बारमध्ये शेजारच्या मळ्याचा तुरी सगळ्यांदेखत खिदळला, “काय नेल्लो, चिखलाची वाइन पाजत होतास होय रे आम्हाला?”

पप्पांनी छाती फुगवली. “गाढवा, असलेला ज्वालामुखी आंधळ्यालाही सापडतो. नसलेला थेट अंतराळातून शोधायला माझी पोरगी लागली!”