जगनच्या टपरीपर्यंत

पालिकेच्या निरीक्षकांनी मोटरसायकल स्टँडला लावली, फुटपाथवरच्या कचऱ्याच्या ड्रमांकडे एक नजर टाकली आणि विचारलं, “तक्रार कोणाची?”

“माझी,” सरोजकाकू म्हणाल्या. त्या सकाळपासून गेटपाशीच उभ्या होत्या. शेजारी त्यांचे यजमान, गुणाजीकाका. उजव्या हातात पांढरी काठी, डाव्या मनगटाला बँडेज. पालिकेचा माणूस येणार म्हणून काकूंनी त्यांना इस्त्रीचा सदरा घालायला लावला होता. इस्त्री बघून कोणी न्याय देत असतं तर काय हवं होतं.

हिरवे ड्रम ओल्या कचऱ्याचे, निळे सुक्याचे. वर्तकनगरातल्या त्या सोसायटीच्या भिंतीला चिकटून ते ओळीने उभे होते, अगदी शिस्तीत. निरीक्षकांनी ड्रमांच्या कडेने स्वतः चालून पाहिलं.

“जायला जागा आहे की, काकू.”

“तुम्हाला आहे. ह्यांचे दोन्ही डोळे गेलेत, काचबिंदूने. हे भिंतीला हात लावून चालतात. ड्रम आला की भिंत सुटते, आणि भिंत सुटली की हे रस्त्यावर जातात. गुरुवारी रिक्षा घासून गेली.”

कोपऱ्यावर जगनची चहाची टपरी आहे. गुणाजीकाका रोज तिथपर्यंत एकटे जायचे. बाकावर बसून चहा घ्यायचे, जगनकडून पेपर वाचून घ्यायचे, त्याच्याशी वाद घालायचे आणि भिंतीला धरून परत यायचे. डोळे गेल्यावर त्यांचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं. गुरुवारपासून तेही बंद होतं.

सोसायटीचा सेक्रेटरी प्रशांत ऑफिसची बॅग खांद्याला अडकवून खाली आला.

“ड्रम आत घ्या,” निरीक्षकांनी त्याला सुनावलं. “फुटपाथ चालणाऱ्यांसाठी असतो.”

काकूंनी नवऱ्याचा दंड घट्ट धरला. झालं, असं त्यांना वाटलं. किती दिवसांनी त्यांना बरं वाटलं.

“घेतो ना, साहेब,” प्रशांत म्हणाला. “फक्त कुठे घेऊ ते तुम्ही दाखवा.”

सगळे आत गेले. पार्किंगच्या प्रत्येक जागेवर फ्लॅटचा नंबर रंगवलेला होता. पलीकडे पाण्याची टाकी, तिच्या बाजूला मीटर. उरला एक औदुंबराचा कोपरा. औदुंबराखाली संगमरवरी कट्टा, कट्ट्यावर दत्ताच्या पादुका, त्यांच्यावर ताजी झेंडूची फुलं आणि झाडाभोवती गोल स्टीलचं रेलिंग.

“आधी ड्रम इथेच असायचे,” प्रशांत म्हणाला.

निरीक्षकांनी बूट काढले आणि हात जोडले. दुसरं काय करणार बिचारे.

“इथे नाही ठेवता येणार,” बूट घालता घालता ते म्हणाले.

“तेच तर. काकू, राग मानू नका, पण पादुका काकांनीच आणलेल्या ना? देवाजवळ कचऱ्याचा वास येतो, डबे बाहेर काढा, हे पण काकाच बोललेले. अख्खी मीटिंग हो म्हणाली.”

त्यात खोटं काहीच नव्हतं. दत्तजयंतीला पादुका बसल्या तेव्हा काकूंनीच घरोघरी सुंठवडा वाटला होता. ड्रम बाहेर जाणार म्हणजे नक्की कुठे जाणार, हे मीटिंगमध्ये कोणाच्याच डोक्यात आलं नाही. ज्याची सगळी ये-जा त्या भिंतीच्या भरवशावर होती, त्याच्याही नाही.

“मग पादुका हलवा,” काकू म्हणाल्या.

त्यांच्या तोंडून निघून गेलं आणि त्यांनी जीभ चावली. प्रशांत खाली फरशीकडे बघू लागला. निरीक्षकांनी खिशातून मोबाइल काढला.

“सरोज,” गुणाजीकाका शांतपणे म्हणाले, “तक्रार मागे घे.”

“अहो, पण…”

“प्रतिष्ठापना झाली आहे त्यांची. आता उचलायच्या नसतात.”

“आणि तुमचं काय?”

निरीक्षकांना सुटल्यासारखं झालं असावं. झाकणं तेवढी नीट लावत जा, असं प्रशांतला बजावून ते गेले. प्रशांतही ऑफिसला गेला. सगळी माणसं चांगली होती, कोणाशी भांडायचीही सोय नव्हती.

“चला वर,” काकू म्हणाल्या.

काका हलले नाहीत. त्यांनी चपला काढल्या, काठी कट्ट्याला टेकवून ठेवली, चाचपत रेलिंगवर उजवा हात ठेवला आणि औदुंबराभोवती चालायला लागले. काकू जिन्याच्या पायरीवर बसून बघत राहिल्या.

तिसऱ्या मजल्यावरची योगिनी दोन पिशव्या घेऊन उतरली. बाहेर जाऊन तिने त्या ड्रममध्ये टाकल्या, नळावर हात धुतले, पादुकांना नमस्कार केला.

“काका, किती करता हो देवाचं,” ती म्हणाली. “आमच्याच्याने नाही होत.”

काका नुसते हसले. योगिनी वर गेली.

ते फिरत राहिले. रेलिंगवरून हात कसा सरळ सरकत होता, मध्ये कशाचाही अडथळा नव्हता. त्यांचा वेग वाढला, मान वर झाली. टपरीवर जाताना ते असेच चालायचे. ते बघून काकूंना रडू फुटलं आणि त्यांनी पदर तोंडात धरला.

त्यांच्यासमोर आल्यावर काका जरा थबकले. रेलिंगवरचा हात त्यांनी काढला नाही.

“सरोज, जगनची टपरी आली का गं?”

“अजून नाही,” काकू म्हणाल्या. “चालत राहा.”